पार्षदाचा कार्यअहवाल वाचताना आधी जमिनीखाली पाहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

इंदूर नगर निगमाची सध्याची परिषद जुलै २०२२ च्या निवडणुकीतून आली. तिची पाच वर्षे २०२७ मध्ये भरतील. मुदत संपत आली की पार्षदांचे, म्हणजे नगरसेवकांचे, कार्यअहवाल घरोघर येऊ लागतात. त्यांत भूमिपूजनाची छायाचित्रे असतात, कामांची यादी असते आणि शेवटी वॉर्डात इतक्या कोटींची विकासकामे झाली अशी एक ओळ असते. बहुतेक घरांत ती शेवटची ओळच वाचली जाते. त्या ओळीवरून पार्षदाच्या कामाचा निवाडा करता येत नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र. एकच गल्ली पाच वर्षांत दोनदा काँक्रीट झाली तर रक्कम दुप्पट दिसते, आणि गल्लीतल्या माणसांच्या पदरात मात्र एकच रस्ता पडलेला असतो.

वॉर्डाच्या कारभारात पार्षदाच्या हाती असलेला सर्वात मोठा निर्णय क्रमाचा आहे. आधी नर्मदेच्या पाण्याची लाइन की आधी रस्ता, आधी ड्रेनेज की आधी पेवर ब्लॉक, हे तो ठरवू शकतो किंवा निदान अडवू शकतो. ठेकेदार तेच, दरसूची तीच, सिमेंटही तेच. क्रम चुकला की दोन-तीन वर्षांत सगळे पुन्हा उकरावे लागते. म्हणून अहवाल हाती आला की किती कामे झाली हे नंतर पाहावे. कोणते काम कशाच्या आधी झाले, हे प्रथम पाहावे.

पार्षदाचे अधिकार कुठवर आहेत हेही सांगितले पाहिजे, नाहीतर त्याच्यावर अन्याय होतो. मध्यप्रदेश नगरपालिक निगम अधिनियम, १९५६ प्रमाणे निविदा काढणे, कार्यादेश देणे, देयक मंजूर करणे हे निगमायुक्त आणि त्यांच्या यंत्रणेचे काम आहे. धोरण आणि मोठ्या खर्चाच्या मंजुऱ्या एमआयसी, म्हणजे महापौर परिषद, आणि पूर्ण निगम परिषद यांच्याकडे जातात. शहराचे ८५ वॉर्ड आहेत. २०११ च्या जनगणनेचा आकडा धरला तरी एका पार्षदामागे सरासरी तेवीस हजारांहून अधिक माणसे येतात, आणि आज ती संख्या बरीच वाढलेली आहे. पार्षदाच्या सहीने धनादेश निघत नाही. तो काम सुचवू शकतो, प्राक्कलन (कामाचे अंदाजपत्रक) बनत असताना उपयंत्र्याबरोबर, म्हणजे निगमाच्या कनिष्ठ अभियंत्याबरोबर, गल्लीत उभा राहू शकतो आणि परिषदेत प्रश्न विचारू शकतो. काम सुचवण्याचे काम सगळेच करतात. परिषदेत काय विचारले याची नोंद कार्यवृत्तात राहते आणि ती मागता येते. पण प्राक्कलनाच्या वेळी गल्लीत उभे राहणारे पार्षद फार थोडे आहेत, आणि माझ्या मते चांगला पार्षद ओळखण्याची खरी जागा तीच आहे.

याचे कारण कागदाच्या प्रवासात आहे. काम सुचवले की झोनचा, म्हणजे निगमाच्या विभागीय कार्यालयाचा, उपयंत्री मोजमाप घेऊन प्राक्कलन करतो. मग तांत्रिक स्वीकृती, प्रशासकीय स्वीकृती, निविदा, करार आणि शेवटी कार्यादेश. कार्यादेश निघाल्यावर एखादी नवी बाब घालायची तर तिची वेगळी मंजुरी लागते आणि काम तिथेच अडकते. आता समजा प्राक्कलनावर फक्त ‘सीसी रोड, १०० मीटर’ एवढेच लिहिले आहे. त्यात घरांच्या नळजोडण्या खाली सरकवण्याची बाब नाही, चेंबरची झाकणे नव्या पातळीला उचलण्याची बाब नाही, गंजलेली जुनी लाइन बंद करण्याची बाब नाही. ठेकेदार ही कामे पदरच्या पैशाने करणार नाही. जेसीबी चालतो, जोडण्या तुटतात, त्यांना सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून वरून काँक्रीट ओतले जाते. पुढची सगळी वर्षे ते घर त्या ट्यूबमधून आलेले पाणी पिते. पार्षदाने प्राक्कलनाच्या दिवशी अर्धा तास दिला असता तर या तीन ओळी कागदावर आल्या असत्या.

पाण्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण त्याबाबत या शहराला आता हयगय परवडणार नाही. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि माणसे दगावली. मुख्य जलवाहिनीला गळती होती आणि त्याच जागी वर शौचालय बांधलेले निघाले. स्वच्छतेच्या सर्वेक्षणात २०१७ पासून देशात पहिल्या राहिलेल्या शहरात हे घडले. नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूदहून जवळपास सत्तर किलोमीटर अंतरावरून पंपांनी घाट चढवून इंदुरात आणले जाते. पहिला टप्पा १९७८ मध्ये आला. पंपांच्या विजेचा खर्च इतका मोठा आहे की जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी निगमाने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखे) काढले. एवढ्या सायासाने आणलेले, शुद्ध केलेले पाणी बिघडते ते बहुधा शेवटच्या दोन-तीनशे मीटरांत, आणि तो टप्पा कोणत्या ना कोणत्या वॉर्डाच्या गल्लीत असतो.

ते कसे बिघडते हे प्रत्येक रहिवाशाला माहीत असायला हवे. आपल्याकडे पाणी एक दिवसाआड, ठरावीक वेळच येते. लाइन भरलेली असते तेव्हा आतल्या दाबामुळे गळतीतून पाणी बाहेर जाते, बाहेरचे आत येत नाही. पुरवठा बंद झाला की उताराकडची घरे उरलेले पाणी काढून घेतात, लाइनमध्ये पोकळी होते आणि ज्या भोकातून सकाळी पाणी बाहेर झिरपत होते त्याच भोकातून भोवतालच्या मातीतले पाणी आत ओढले जाते. त्या मातीत ड्रेनेजचे फुटके चेंबर झिरपत असेल तर पुढच्या पाळीला पहिल्या घोटात तेच येते. लाइनला थेट मोटर लावणाऱ्या घरामुळे हे पुरवठा चालू असतानाही घडते. नळ सुटल्यावर पहिली पाच मिनिटे पाणी गढूळ किंवा वासाचे आले आणि मग साफ झाले, तर ती गळतीची खूण आहे. ‘आता साफ येते आहे’ म्हणून लोक तक्रार मागे घेतात. ती मागे घेऊ नये. नळ सुटल्याची वेळ, पाणी किती मिनिटांनी साफ झाले आणि शेजारच्या कोणकोणत्या घरांत तसेच आले, एवढे लिहून दिले तर गळती शोधणाऱ्याला कुठून कुठवर खणायचे याचा अंदाज येतो.

नियमाप्रमाणे जलवाहिनी आणि सांडपाण्याची लाइन यांत आडवे तीन मीटर अंतर हवे. जिथे त्या एकमेकींना ओलांडतात तिथे पाण्याची लाइन वर आणि ड्रेनेज किमान अर्धा मीटर खाली हवे. रामबाग, नारायण बाग किंवा जुन्या पेठांच्या अरुंद बोळांत तीन मीटर सापडणार नाहीत, हे मान्य. तिथे निदान पाणी एका कडेला आणि वरच्या पातळीला, ड्रेनेज दुसऱ्या कडेला आणि खाली, एवढे तरी पाळता येते. बहुतेक ठिकाणी दोन्ही एकाच चरात गेलेल्या असतात, कारण चर एकदाच खणला की ठेकेदाराची खणाई वाचते.

आणखी एक दोष फार पसरलेला आहे आणि त्याच्याविषयी कुठेच बोलले जात नाही. नवी लाइन टाकली जाते, तिची चाचणी होते, फलक लागतो, पण घरांच्या जोडण्या जुन्याच लाइनवर राहतात. फेरूल (मुख्य लाइनला घराची नळी जोडणारा जोड) बदलण्याची आणि प्रत्येक घरापर्यंत नवी नळी नेण्याची बाब कामात धरलेली नसते. जुन्या लाइनचे तोंड बंद न करता दोन्ही चालू ठेवल्या जातात. पैसे नव्या लाइनवर खर्च झाले, पाणी जुन्या गंजक्या लाइनमधून येते. कार्यअहवालात ‘नवीन नर्मदा लाइन’ असे वाचले की पहिला प्रश्न हाच विचारावा: किती घरे तिच्यावर आली, आणि जुनी लाइन कोणत्या तारखेला बंद झाली?

पाणी चांगले आहे की नाही हे रंगावरून ठरत नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरला पाहिजे. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते आणि रंगपट्टीवर प्रमाण कळते. ही चाचणी टंकीजवळच्या नळावर घेऊन उपयोग नाही. गल्लीच्या टोकाच्या, उताराच्या शेवटच्या घरी घ्यावी. टंकीला क्लोरीन भरपूर आणि टोकाला शून्य असेल तर मधल्या अंतरात घाण क्लोरीन खाऊन टाकते आहे. दुसरी चाचणी ई. कोलाय जिवाणूंची. १०० मिलिलिटर पाण्यात ते अजिबात सापडता कामा नयेत. त्यासाठी नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यावा लागतो, बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारे थायोसल्फेट असावे लागते, आणि बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावी लागते. साध्या बाटलीत भरून दोन दिवसांनी दिलेल्या नमुन्याच्या निकालावर विसंबू नये. वॉर्डातून दर महिन्याला दहा ठिकाणचे नमुने, ठिकाणे बदलत पण टोकाची घरे हमखास धरून घ्यावेत आणि निकाल झोन कार्यालयाच्या भिंतीवर लावावेत. एवढे जो पार्षद पाच वर्षे करून घेईल, त्याने एकही बगीचा बांधला नाही तरी त्याचे काम मोठे आहे असे मी म्हणेन.

ड्रेनेजची गोष्ट उताराची आहे. १५० मिलिमीटरच्या लाइनला शंभर मीटरमागे साधारण ६० सेंटिमीटर उतार मिळाला तर सांडपाणी स्वतःच्या वेगाने गाळ पुढे नेते. त्याहून कमी मिळाला की गाळ बसतो, मग चोकअप. उतार बिघडतो तो बहुधा पाइपाखालच्या मातीमुळे. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पाइप थेट तिच्यावर ठेवला तर एका पावसाळ्यात मधले सांधे खाली-वर होतात आणि लाइनला पोट पडते. पाइपाखाली वाळूचा किंवा काँक्रीटचा थर हवा. चर बुजवताना पंधरा-वीस सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस हवे. एका दमात माती लोटली की पहिल्या पावसात रस्ता चराच्या रेषेत बसतो. शहरात कुठेही चाललात तरी रस्त्याच्या मधोमध गेलेली ही खोलगट पट्टी दिसेल.

लाइन बरोबर बसली का, हे पाहायची चाचणी सोपी आहे. पाइपाच्या आतल्या व्यासाहून १३ मिलिमीटर कमी व्यासाचा गुळगुळीत गोळा वरच्या चेंबरमधून सोडायचा. तो अडथळ्याविना खालच्या चेंबरमध्ये आला पाहिजे. सरळपणासाठी एका चेंबरमध्ये दिवा आणि दुसऱ्यात आरसा धरतात. पाण्याच्या लाइनची चाचणी दाबाने होते: लाइन भरायची, ठरलेला दाब द्यायचा, तो टिकतो का ते पाहायचे. या चाचण्या चर बुजवण्याच्या आधी, निदान रस्ता ओतण्याच्या आधी व्हायला हव्यात. पार्षदाने एकच नियम स्वतःला घालून घ्यावा. खालच्या दोन्ही लाइनींच्या चाचणीचा सही केलेला कागद हाती आल्याशिवाय त्या गल्लीतल्या रस्त्याच्या भूमिपूजनाला जायचे नाही. भूमिपूजन लांबले की झोनमध्ये सगळ्यांची धावपळ सुरू होते, आणि पार्षदाच्या हातातला हा दबाव कायद्याच्या कोणत्याही कलमापेक्षा लवकर परिणाम करतो.

चेंबरची झाकणे रस्त्याखाली गाडली जाण्याचा प्रकार तर सर्रास चालतो. लहान लाइनवर दर तीस मीटरला चेंबर असायला हवे. रस्ता ओतताना मधली दोन गाडली की साफसफाईचे यंत्र पोचत नाही, बांबू आणि सळया घालून काम चालते, आणि शेवटी कोणातरी गरिबाला उघड्या चेंबरमध्ये उतरवले जाते. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय माणसाला तिथे उतरवणे गुन्हा आहे. रस्त्याच्या कामात झाकण गाडणारा माणूस त्या गुन्ह्याची तयारी करून ठेवतो, असे मला फार तीव्रतेने वाटते. गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा पाइप ड्रेनेजला जोडण्याची सवयही मोडायला हवी. जुलैत चेंबर उसळतात त्याचे मोठे कारण तेच आहे.

आता रस्ता. गल्लीचा रस्ता शंभर मीटर लांब, चार मीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर जाड धरला तर काँक्रीट ८० घनमीटर लागते. मिक्सरची गाडी सहा घनमीटरची असेल तर चौदा गाड्या यायला हव्यात. दहाच आल्या तर जाडी कुठे गेली ते विचारायला हवे. गाड्यांचे चलान ठेवणे हे कोणताही रहिवासी करू शकतो. चलानावर प्लांटमधून निघाल्याची वेळ असते. दोन तासांच्या आत काँक्रीट उतरले पाहिजे. उशीर झाला, मिश्रण घट्ट झाले की चालक ड्रममध्ये पाणी ओततो. त्या पाण्याने काम सोपे होते आणि ताकद जाते. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाच्या हिशेबाने ८० घनमीटरला पाच नमुने, म्हणजे तीन-तीनचे पंधरा क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) भरले पाहिजेत. एम-३० काँक्रीटचा क्यूब २८ दिवसांनी ३० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर भार सोसला पाहिजे. क्यूब त्याच गाडीतल्या काँक्रीटचे, जागेवर भरलेले हवेत.

ओतल्यावर चोवीस तासांच्या आत चार-साडेचार मीटरला आडवे जॉइंट कापावे लागतात. उशीर झाला तर काँक्रीट स्वतःच वाटेल तिथे तडकते. मग दोन आठवडे तरी ते ओले राहिले पाहिजे. आपली अडचण इथेच येते. आर्थिक वर्ष संपायला आले की फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्यादेशांची रीघ लागते आणि रस्ते एप्रिल-मेमध्ये ओतले जातात. त्या दिवसांत वॉर्डात प्यायच्या पाण्याचे टँकर फिरत असतात, बोअरिंग आटलेले असते, काँक्रीटवर पाणी कोण मारणार? गोणपाट टाकले जाते, दोन दिवस ओले राहते, मग वाळते. पुढच्या पावसाळ्यात पृष्ठभागाची पावडर उडते. पार्षदाने पावसाळ्यातच प्राक्कलने करून घ्यावीत, दिवाळीच्या सुमारास निविदा पूर्ण व्हाव्यात, डिसेंबरपर्यंत खालच्या लाइनी टाकून चाचण्या व्हाव्यात आणि जानेवारीत रस्ता ओतावा. थंडीत पाणी कमी उडते, काँक्रीट सावकाश आणि पक्के होते. पाच वर्षांत असे पाच हिवाळे येतात. किती रस्ते हिवाळ्यात झाले आणि किती मे महिन्यात, हे कार्यादेशाच्या तारखांवरून एका बैठकीत काढता येते.

जुन्या रस्त्यावर नवा थर चढवण्याची चूक जुन्या वस्त्यांत फार महाग पडते. दर थराला रस्ता वर येतो, घराचे जोते खाली जाते आणि पावसाचे पाणी ओसरीत शिरते. जुना थर उकरून पातळी कायम ठेवण्याची बाब प्राक्कलनात हवीच. मधून दोन्ही कडांकडे मीटरमागे दोन सेंटिमीटर ढाळ पुरतो, पण कडेला पाणी नेणारी नाली असेल तरच. पेवर ब्लॉकविषयी एवढेच: पायवाटेला ६० मिलिमीटर चालतो, जिथे गाड्या फिरतात तिथे ८० मिलिमीटरचा हवा, आणि कडेला घट्ट कर्ब (कडेचा दगड) नसेल तर कितीही जाड ब्लॉक सरकतो. पथदिवे, बाके, स्वागतकमानी यांवर अहवालांत पाने भरलेली असतात. ती कामे वाईट नाहीत, पण त्यांच्यावरून वॉर्डाचा कारभार कळत नाही.

क्रम नीट लावला तर हेच निगम काय करू शकते, हे कचऱ्याच्या कामात दिसले आहे. आधी घरोघरी गाडी वेळेवर येऊ लागली, मग रस्त्यावरच्या कचराकुंड्या हटल्या, मग ओला-सुका वेगळा करण्याचा आग्रह आणि दंड आला. देवगुराडियाला ५५० टनांचा बायो-सीएनजी प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, तोवर घराघरांत कचरा वेगळा करण्याची सवय लागलेली होती. म्हणून त्या प्रकल्पाला साफ ओला कचरा मिळाला. कुंड्या आधी हटवल्या असत्या आणि गाड्या नंतर आल्या असत्या तर शहर उकिरडा झाले असते. पाणी आणि ड्रेनेजला हीच शिस्त लावायला कोणाची हरकत आहे?

महिला पार्षदांविषयीही लिहिले पाहिजे. मध्यप्रदेशात नागरी संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी आहेत, आणि कित्येक ठिकाणी झोनमधल्या बैठकीला, कामाच्या जागी, भूमिपूजनाला पतीच पुढे असतात. नळावर पहिले पाच मिनिटे कसले पाणी येते हे घरात कोणाला माहीत असते? ज्या पार्षदबाई स्वतः उपयंत्र्याबरोबर गल्लीत फिरतात त्यांच्या वॉर्डात टोकाच्या घरांचे पाणी यादीत वर येते. अधिकाऱ्यांनी निवडून आलेल्या व्यक्तीच्या सहीच्या पत्राखेरीज दुसऱ्या कोणाचे तोंडी सांगणे मान्य करू नये.

तक्रारींचा आकडा अहवालात असतो: इतक्या तक्रारी निकाली. निगमाच्या ३११ ॲपवर आणि राज्याच्या सीएम हेल्पलाइन १८१ वर तक्रार बंद होणे आणि काम होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८१ ची तक्रार एल-१ पासून एल-४ पर्यंत, म्हणजे खालच्या अधिकाऱ्यापासून वरच्या अधिकाऱ्यापर्यंत, वर चढते. खालच्या पायरीवर ‘आपण समाधानी आहात का’ असा फोन येतो तेव्हा ‘हो, माणसे येऊन पाहून गेली’ असे म्हटले की ती बंद होते. काम पूर्ण होईपर्यंत हो म्हणू नये. आणि अहवालात निकाली तक्रारींपेक्षा पुन्हा आलेल्या तक्रारींची संख्या मागावी. एकाच चेंबरची तक्रार वर्षात चार वेळा निकाली निघाली असेल तर तिथे उताराचा दोष आहे, सफाईचा नाही.

हे सगळे कागद मिळवता येतात. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्जात ‘माझ्या वॉर्डातील विकासकामांची माहिती द्या’ असे लिहिले तर मोघम उत्तर येते. गल्लीचे नाव, काम आणि वर्ष लिहून प्राक्कलन, कार्यादेश, माप पुस्तिकेची (कामाच्या मोजमापांच्या नोंदवहीची) त्या कामाची पाने, क्यूबचे आणि दाबचाचणीचे अहवाल, अंतिम देयक आणि दोषदायित्वाची मुदत (ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायचा काळ), एवढे नेमके मागावे. त्याच कायद्यात कामाची जागेवर पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा हक्क आहे. तो फार कमी लोक वापरतात. माप पुस्तिकेत जाडी वीस सेंटिमीटर लिहिली असेल आणि कोअर (रस्त्याला भोक पाडून घेतलेला काँक्रीटचा गोल तुकडा) काढल्यावर चौदा निघाली तर पुढे बोलायला काही उरत नाही.

संपादक महोदय, आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी की, निवडणुकीआधी प्रत्येक पार्षदाकडून एक पानाची माहिती मागवून छापावी. प्रत्येक गल्लीसाठी पाण्याची लाइन कोणत्या महिन्यात टाकली, किती घरे तिच्यावर आली, जुनी कधी बंद झाली. ड्रेनेज कधी झाले, चाचणी कधी झाली. रस्ता कधी ओतला, त्यानंतर तो किती वेळा खणला आणि कोणी. टोकाच्या नळांचे गेल्या बारा महिन्यांचे निकाल. परिषदेत पार्षदाने विचारलेले प्रश्न, तारखांसह. जो देणार नाही त्याच्या नावापुढे जागा कोरी सोडावी.

आणि एक काम मात्र निवडणुकीची वाट न पाहता, आताच करायला हवे. २०२३ आणि २०२४ मध्ये झालेल्या रस्त्यांची आणि लाइनींची दोषदायित्वाची मुदत एकेक करून संपत येईल. मुदत चालू आहे तोवर तडे, खचलेले चर, गाडलेली झाकणे ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असतात आणि त्याची सुरक्षा ठेव निगमाकडे अडकलेली असते. मुदत संपली, ठेव परत गेली की तीच दुरुस्ती नव्या प्राक्कलनात येते आणि पुढच्या कार्यअहवालात नवे विकासकाम म्हणून छापली जाते. वाचकांनी आपापल्या गल्लीच्या कामाची ही तारीख काढावी, दोषांची छायाचित्रे तारीख दिसेल अशी घ्यावीत आणि झोन अधिकाऱ्याला लेखी द्यावीत. पोच घ्यायला विसरू नये, आणि एक प्रत पार्षदांनाही द्यावी.

आपला,
एक निवृत्त उपयंत्री
सुदामानगर, इंदूर